उंचीच्या पट्टीवर ठरणारी सहल

थीम पार्कमध्ये लहान मुलाचे वय सहसा विचारले जात नाही, त्याची उंची मोजली जाते. तिकीट खिडकीशेजारी आणि पुढे प्रत्येक राइडच्या दाराशी एक पट्टी उभी असते. पट्टीवर एखादे कार्टून, त्याच्या पसरलेल्या हाताखाली रंगीत रेघ. पोर पट्टीला पाठ लावून उभे राहते आणि टाचा हळूच वर उचलते. राइडवरचा कर्मचारी खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवायला लावतो आणि डोक्यावर तळहात आडवा धरून बघतो. केस रेघेला लागले तर पोर आत जाते, नाही लागले तर रांगेत घालवलेला अर्धा तास वाया जातो आणि रडे आवरण्यात आणखी पंधरा मिनिटे जातात. चिमुरड्यांना घेऊन केलेल्या सहलीत कुठे जायचे, किती खर्च येईल आणि दिवस कसा जाईल, या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी त्या रेघेवर अवलंबून असतात.

आपल्याकडच्या अनेक पार्कांमध्ये पावणेतीन फुटांच्या, म्हणजे ८५ सेंटिमीटरच्या आसपासच्या उंचीपर्यंत मुलाला प्रवेश मोफत असतो. तिथपासून साधारण साडेचार फुटांपर्यंत मुलांचे तिकीट आणि त्यापुढे मोठ्यांचे. पार्कागणिक हे आकडे थोडे पुढेमागे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांत मधल्या उंचीचे मूल दोन वर्षांचे असताना ८६ ते ८७ सेंटिमीटर असते, तीन वर्षांचे ९५ ते ९६, चार वर्षांचे १०३, पाच वर्षांचे ११०, सात वर्षांचे १२१ आणि दहा वर्षांचे १३८. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. मोफत प्रवेश दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास संपतो. मोठ्या रोलर कोस्टरला मात्र बहुधा १४० सेंटिमीटरच्या आसपासची उंची लागते आणि ती दहाव्या वर्षानंतर येते. मधल्या आठ वर्षांत मुलाचे तिकीट काढावे लागते. हे तिकीट एसटी-रेल्वेसारखे निम्मे असेलच असे नाही, पुष्कळ ठिकाणी ते मोठ्यांच्या तिकिटाहून थोडेच कमी असते. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी जवळजवळ पूर्ण पैसे भरायचे आणि जाहिरातीत दिसलेल्या निम्म्याहून अधिक राइड बाहेरूनच बघायच्या, असे होऊ शकते.

उंचीची अट मुलांना हिरमुसले करते, पण तिच्यामागचे कारण पक्के आहे. राइडमध्ये माणसाला जागेवर धरून ठेवणारा दांडा मांड्यांवर किंवा खांद्यांवर येऊन बसतो. तो मोठ्या माणसाच्या शरीराच्या मापाने बनवलेला असतो. एकाच बाकावर बाप आणि लेक बसले तर दांडा बापाच्या मांड्यांपाशी अडतो आणि लेकीच्या मांड्या व दांडा यांच्यामध्ये वीतभर पोकळी राहते. गाडी वळणावर झुकली की ते हलके शरीर त्या पोकळीतून सरकते. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते, त्यामुळे अचानक बसणारा हिसका त्याला जास्त बाधतो. पाय जमिनीला टेकत नसतील तर तोल सावरायला आधारही उरत नाही. शिवाय ‘हात आत ठेव, उठू नकोस’ ही सूचना शेवटपर्यंत पाळणे चार वर्षांच्या मुलाला जमतेच असे नाही. उंची मोजायला सोपी, म्हणून या साऱ्या गोष्टींचे एकच माप म्हणून ती वापरली जाते. दोन सेंटिमीटरसाठी कर्मचाऱ्याशी हुज्जत घालण्यात म्हणूनच अर्थ नाही.

त्यामुळे नियोजनाची सुरुवात घरातल्या दाराच्या चौकटीपाशी करावी. दोन कुटुंबे मिळून जाणार असतील तर दोन्ही घरच्या मुलांना अनवाणी उभे करून पेन्सिलीने खूण करावी, टेपने मोजावे आणि आकडे कागदावर लिहावेत. मग पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडची किमान उंची पाहून आपल्या मुलांना किती राइड मिळतील ते मोजावे. दहा मिनिटांचे हे काम हजारो रुपये वाचवते.

एकदाच तिकीट काढून दिवसभर सगळ्या राइड, ही पद्धत फार जुनी नाही. गावच्या जत्रेत आकाशपाळण्याचे पैसे वेगळे, चक्रीचे वेगळे, ब्रेक डान्सचे वेगळे. भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरीच्या यात्रेत आजही हाच हिशेब चालतो. अमेरिकेत १९५५ मध्ये सुरू झालेल्या डिस्नेलँडमध्येही सुरुवातीला प्रवेशाचे पैसे वेगळे आणि राइडचे वेगळे होते. पुढे राइडच्या कूपनांच्या वह्या निघाल्या आणि १९८२ मध्ये त्या जाऊन एकच तिकीट आले. दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये आणि गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले. बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडून एस्सेलवर्ल्डला जाणे ही मुंबई-ठाण्याच्या एका अख्ख्या पिढीची शाळकरी आठवण आहे. त्याच्या शेजारी १९९८ मध्ये वॉटर किंगडम आले. करोनानंतरच्या काळात एस्सेलवर्ल्डचे दार बंद झाले.

एकतिकिटी पद्धतीत भरपूर राइड घेणाऱ्याचा फायदा असतो. बारा-पंधरा वर्षांची मुले सकाळपासून संध्याकाळपर्यंत धावत राहतात आणि तिकिटाचा पैसा वसूल करतात. तीन वर्षांचे मूल दिवसात पाच-सहा राइड घेते, त्यांतली एक तीनदा, आणि दुपारी झोपते. त्याच्या आनंदाला जत्रेची पद्धत अधिक सोयीची आहे. वीस-तीस रुपयांचा पाळणा, एक फुगा, थोडे कुरमुरे, आणि तासाभरात घरी. थीम पार्क निवडताना हा फरक ध्यानात ठेवला तर मोठ्या नावाचा मोह थोडा कमी होतो.

लहान मुलांच्या सहलीसाठी ठाण्याजवळचे कशेळी सोयीच्या ठिकाणी आहे. ठाण्याहून बाळकुम नाका सोडला की खाडीवरचा पूल लागतो आणि पूल संपताच भिवंडी तालुक्यातले कशेळी सुरू होते. पुढे काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा. हा सारा पट्टा गोदामांचा, आणि गेल्या काही वर्षांत नव्या इमारतींचाही. आगरी-कोळी वस्तीच्या जुन्या गावांशेजारी उभ्या राहिलेल्या संकुलांत नोकरी करणारी तरुण कुटुंबे मोठ्या संख्येने राहायला आली. एकाच मजल्यावर किंवा एकाच बालवाडीच्या दाराशी ओळख झालेली दोन-तीन घरे मिळून सहल काढतात, तो प्रकार इथे सहज घडतो.

पूल ओलांडून ठाण्यात शिरले की कापूरबावडीच्या पुढे मानपाड्याला टिकुजीनी वाडी आहे. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या जागेत पाण्याच्या घसरगुंड्या आणि जमिनीवरच्या राइड दोन्ही आहेत. घोडबंदर रस्त्याने पुढे डोंगरीपाड्याला सूरज वॉटर पार्क आहे. उलट दिशेला, भिवंडी तालुक्यातच मुंबई-नाशिक महामार्गावर शांग्रिला रिसॉर्टचे वॉटर पार्क आहे. वसई तालुक्यात पारोळजवळचे ग्रेट एस्केप थोडे लांब पडते. वज्रेश्वरीवरून तिकडे जाता येते. गोराईचे वॉटर किंगडम नकाशावर जवळ वाटते, पण घोडबंदर रस्ता आणि बोरिवलीची गर्दी पार करून खाडीपलीकडे पोहोचेपर्यंत लहान मूल कंटाळून गेलेले असते. मूल ११० सेंटिमीटरच्या आत असेल तर मानपाडा किंवा घोडबंदर रस्ताच पुरेसा आहे. तासाभराच्या आत घर गाठता येणे ही त्या वयात सर्वांत मोठी सोय असते. मूल तापले, उलटी झाली किंवा नुसतेच किरकिरे झाले तरी दिवस हातचा जात नाही.

मोठ्या थीम पार्कचे नाव काढले की या भागात इमॅजिकाच डोळ्यांसमोर येते. रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला ते २०१३ मध्ये सुरू झाले. मनमोहन शेट्टी यांच्या ॲडलॅब्सने ते उभारले, पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क आले आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते हाती घेतले. लोणावळ्याचे आणि शिर्डीचे वेट अँड जॉय याच समूहाचे. इमॅजिकात नायट्रो, स्क्रीम मशीन, डेअर टू ड्रॉप या मोठ्या मुलांच्या राइड. लहानग्यांसाठी झुलते घोडे, गोल फिरणाऱ्या छोट्या राइड आणि बसून बघायचे खेळ आहेत. अंधाऱ्या गुहेतून होडी नेणारी राजासॉरसची राइड मुलांना फार आवडते, पण तिथे आवाज आणि अंधार दोन्ही आहेत, हे भित्र्या मुलाच्या आईबापांनी आधी जाणून घ्यावे. राजासॉरस हे नाव मात्र खरे आहे. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात सापडलेल्या हाडांवरून २००३ मध्ये त्या मांसभक्षी डायनोसॉरला राजासॉरस नर्मदेन्सिस असे नाव मिळाले. रांगेत उभे असताना मुलांना सांगायला याहून चांगली गोष्ट नाही.

कशेळीहून इमॅजिका साधारण ऐंशी किलोमीटर. मुंब्रा बाह्यवळण, शीळफाटा, तळोजा, कळंबोली असा रस्ता. असे मोठे पार्क आणि जवळचे पार्क यांत पैशांचा फरक किती पडतो, हे एका उदाहरणाने कळते. दोन कुटुंबे, चार मोठी माणसे आणि तीन मुले, उंची ८२, १०० आणि ११६ सेंटिमीटर. मोठ्या पार्कचे तिकीट मोठ्यांना १,५०० आणि मुलांना १,२०० रुपये आहे असे समजू. सर्वांत धाकटे मोफत, म्हणजे तिकिटांचे ८,४०० रुपये. जाहिरातीतल्या किमतीखाली बारीक अक्षरांत ‘अधिक जीएसटी’ लिहिले असेल तर १८ टक्क्यांनी आणखी १,५१२. (२०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हा दर २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आणला गेला.) सात आसनी गाडीचे जाऊन-येऊन १६० किलोमीटरचे इंधन सुमारे १,४००, टोल वेगळा. आत सहा जणांचे जेवण आणि मधले खाणे माणशी ४०० धरले तर २,४००. लॉकर, आइस्क्रीम, एखादे खेळणे मिळून ५०० धरावेत. बेरीज १४,२१२ रुपये होते, म्हणजे घरटी सात हजारांच्या वर. हेच दोन्ही कुटुंबांनी मानपाड्यासारख्या जवळच्या पार्कला नेले आणि तिकीट ९०० व ७०० रुपये धरले, तर तिकिटांचे ५,०००, रिक्षाचे ५०० आणि खाण्याचे हजारभर. बेरीज ६,५०० रुपये, निम्म्याहून कमी. तिन्ही मुलांच्या वाट्याला येणाऱ्या राइड दोन्हीकडे जवळपास सारख्याच. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, प्रत्यक्ष दर पाहून तेच गणित पुन्हा मांडता येते.

या गणितातली सर्वांत लवचीक रक्कम तिकिटाची असते आणि ती वारावर अवलंबून असते. शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वाराचे तिकीट बहुधा स्वस्त असते, आणि ऑनलाइन आधी काढलेले त्याहून स्वस्त. पण पैशांपेक्षाही मोठा फरक रांगेत पडतो. मे महिन्यातल्या रविवारी एका राइडसाठी तासभर उभे राहावे लागते, तिथे जुलैच्या मंगळवारी दहा मिनिटांत आत जाता येते. तासभर उभे राहण्याची सहनशक्ती चार वर्षांच्या मुलाकडे नसते, म्हणून गर्दीचा दिवस त्याला दुप्पट महाग पडतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात. बालवाडीपर्यंतच्या मुलांना शाळेचे बंधन नसते, एक दिवस सुटला तरी बिघडत नाही. पहिलीत गेल्यावर ही मुभा संपते, म्हणून आधीची दोन-तीन वर्षे मधल्या वारांसाठी वापरून घ्यावीत. ठाणे-भिवंडी-डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्यात शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी असलेले पुष्कळ कारखाने आहेत. ज्यांच्या घरी शुक्रवारची सुट्टी आहे त्यांना रजा न घालवता कमी गर्दीचा दिवस मिळतो.

ऋतूचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये खोपोलीच्या घाटपायथ्याशी उष्मा आणि दमटपणा दोन्ही असतात आणि डांबरी वाटांवर मुलांच्या तळपायांना चटके बसतात. पावसाळ्यात गर्दी कमी आणि डोंगर हिरवेगार, पण विजा चमकू लागल्या की उंच राइड थांबवल्या जातात आणि तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. डिसेंबर-जानेवारी चालण्या-फिरण्याला उत्तम. वॉटर पार्कला मात्र तेव्हा जाऊ नये. लहान मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असतो, त्यामुळे ते भराभर गार पडते. मोठी माणसे पाण्यात मजेत असतात आणि शेजारचे पोर ओठ निळे करून कुडकुडत असते. ओठांचा रंग आणि दातांचा आवाज यांवर लक्ष ठेवावे आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाण्याबाहेर काढून टॉवेलात गुंडाळावे.

वॉटर पार्कमध्ये सुती कपड्यांना मनाई असते, आणि हा नियम दारावर कळला तर पैसे जातात. सुती कापड पाण्याने जड होते, घसरगुंडीवर अडते आणि त्याचे धागे गाळणीत जाऊन बसतात. धातूची चेन किंवा बटण असलेले कपडे घसरगुंडीचा गुळगुळीत थर ओरखडतात, म्हणून तेही चालत नाहीत. नायलॉन किंवा लायक्राचा पोशाख लागतो. तो आत भाड्याने मिळतो, वर अनामत रक्कम ठेवावी लागते. उल्हासनगरच्या गजानन मार्केटसारख्या बाजारातून मुलांचे असे कपडे आधीच घेऊन ठेवले तर दोन-तीन सहलींत भाडे वसूल होते, आणि स्वच्छतेची काळजीही राहत नाही. भाऊ-बहिणींचे लहान झालेले कपडे मैत्रिणीच्या मुलाला चालतात. चार घरांच्या ओळखीचा एक फायदा हाही आहे. लंगोट लावणाऱ्या बाळासाठी पाण्यात घालायचा वेगळा लंगोट मिळतो. साधा लंगोट पाणी शोषून फुगतो आणि फुटतो.

पाण्यात सुरक्षेचा नियम एकच आहे आणि तो कुणावरही सोपवता येत नाही: पाच वर्षांखालचे मूल नेहमी हाताच्या अंतरावर हवे. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे हाका मारत नाही. त्याचे तोंड पाण्याखाली जाते, आवाज फुटत नाही आणि अर्ध्या मिनिटात सारे संपू शकते. गुडघाभर पाणीही तान्ह्याला पुरते. जीवरक्षक उभा असतो, पण त्याच्या नजरेत शेकडो डोकी असतात. चार मोठी माणसे मिळून तीन मुले बघत असतील तर ‘कुणीतरी बघतंय’ असे प्रत्येकाला वाटते आणि कुणीच बघत नाही. गटाने गेल्यावर हा धोका उलट वाढतो. म्हणून पाण्यात उतरण्याआधी नावे ठरवावीत: या अर्ध्या तासात अमुकची जबाबदारी याची, तमुकची तिची. अर्ध्या तासाने पाळी बदलावी. लाटांच्या तलावात भोंगा वाजला की लहानांना घेऊन काठाकडे यावे.

हीच पाळीची पद्धत जमिनीवरच्या राइडलाही लागू पडते, आणि इथे मैत्रीचा खरा उपयोग होतो. एकटे जोडपे मुलांना घेऊन गेले तर आईबापांपैकी एकजण कायम बाहेर उभा राहतो. दोन जोडपी असली की एक जोडपे मोठी राइड घेते, दुसरे तिन्ही मुलांना घेऊन झुलत्या घोड्यांकडे जाते, मग अदलाबदल. काही पार्कांमध्ये बाहेर थांबलेल्या पालकाला पुन्हा रांग न लावता आत सोडतात. राइडच्या दाराशी विचारायला लाजू नये. आजी बरोबर असली तर मुलांचा सांभाळ आणखी सोपा होतो. साठी ओलांडलेल्यांना अनेक पार्क सवलत देतात, ओळखपत्र मात्र जवळ लागते.

मुलगा किंवा मुलगी गर्दीत हरवणे ही भीती सगळ्यांनाच असते. सकाळी पार्कच्या दाराशी मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो मोबाइलवर काढून ठेवावा. घाबरलेल्या आईला मुलाच्या शर्टाचा रंग आठवत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने फोन नंबर लिहावा आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे पाण्याने पुसला जात नाही. ‘चुकलास तर आहेस तिथेच उभा राहा आणि गणवेशातल्या माणसाला सांग’, एवढे एकच वाक्य मुलाकडून दोनदा म्हणवून घ्यावे.

खाण्याच्या बाबतीत बहुतेक पार्क बाहेरचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत, बाळाचे अन्न आणि औषधे यांना मात्र अडवत नाहीत. म्हणून पोटभर न्याहारी करून दार उघडण्याच्या वेळेला पोहोचणे आणि आत एकदाच जेवणे हा साधा उपाय आहे. पार्क दहा-साडेदहाला उघडते. हातावर शिक्का मारून बाहेर जाऊन परत येऊ देतात का, हे दारावरच विचारून घ्यावे. सोय असेल तर गाडीच्या डिकीत ठेवलेला डबा दुपारी सावलीत उघडता येतो. मेथीचे धपाटे, तांदळाची भाकरी, सुकी बटाट्याची भाजी, लसणाची चटणी हे सगळे दुपारपर्यंत टिकते. तापलेल्या गाडीत दहीभात आणि ओल्या नारळाची चटणी मात्र आंबते. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या न्याव्यात आणि आतल्या नळावर भराव्यात.

इमॅजिकाला गाडीने निघणाऱ्यांनी सकाळी सहाच्या आत कशेळी सोडावे. पुलाच्या दोन्ही बाजूंना कंटेनरची रांग लागायला सुरुवात झाली की बाळकुमपर्यंतचे अंतर तासाचे होते, आणि पुढे शीळफाटा आहेच. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. तिच्या आराखड्यात कशेळी स्थानक आहे. तेथून बाळकुम नाका आणि कापूरबावडी ही पुढचीच स्थानके, म्हणजे मानपाडा-घोडबंदरच्या पार्कांची दिशा. गाडी नसेल तर ठाण्याहून मध्य रेल्वेने खोपोली गाठता येते आणि तिथून पालीकडे जाणारी एसटी मिळते. लोकलमध्ये पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा निम्मे. एसटीतही मुलांचा नियम तसाच आहे. शिवाय १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत. दोन आया, एक आजी आणि तीन लहान मुले असा गट एसटीने निघाला तर प्रवासखर्च जवळजवळ नगण्य होतो. सहाजणांच्या सामानाचे ओझे मात्र आपणच वाहायचे, हे धरून चालावे.

पैशांची वाटणी सुरुवातीलाच ठरवलेली बरी. एका घरी एक मूल आणि दुसऱ्या घरी दोन असली की ‘घरटी सारखे’ म्हणणे एकाला टोचते आणि ‘माणशी’ म्हणणे दुसऱ्याला. तिकिटे ज्याची त्याने काढावीत, गाडीचे भाडे आणि इंधन आसनांच्या हिशेबाने वाटावे, खाण्याचा खर्च मोठ्या माणसांच्या संख्येने. एकाने सकाळी ठरावीक रक्कम गोळा करून दिवसभर खर्च करायचा आणि परतताना गाडीतच हिशेब वाचून दाखवायचा. महिला मंडळांची भिशी चालते त्याच पद्धतीने सहलीची भिशीही चालते: चार घरांनी सहा महिने दरमहा पाचशे भरले की १२,००० रुपये होतात आणि एकदम खिशाला चाट बसत नाही.

दोन दिवस काढता आले तर नुसते इमॅजिका करण्यापेक्षा ते पालीशी जोडणे स्वस्त आणि मुलांना सुखाचे पडते. खोपोलीच्या एका बाजूला महडचा वरदविनायक आणि दुसरीकडे पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकांतले हे दोन गणपती पार्कच्या दोन्ही हातांना आहेत. पहिल्या दिवशी सकाळी महडला दर्शन घेऊन पार्क गाठावे, संध्याकाळी पालीला जाऊन देवस्थानच्या भक्तनिवासात उतरावे. पार्कलगतच्या हॉटेलच्या तुलनेत तिथला खर्च किरकोळ असतो, पण चतुर्थीला आणि भाद्रपद-माघात खोली मिळणे अवघड जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळामागचा सरसगड मुलांना खालूनच दाखवावा. तो चढ लहानग्यांच्या आवाक्यातला नाही. जवळच उन्हेरे येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. वज्रेश्वरी-अकलोलीची कुंडे पाहिलेल्या भिवंडीकर मुलांना ती ओळखीची वाटतात. तिथून दुपारी जेवून निघाले की मुले गाडीत झोपतात आणि शीळफाट्याच्या संध्याकाळच्या गर्दीआधी कशेळीचा पूल गाठता येतो.